मेन काढून दाखवणारा जादूगार

कंपनीत त्याला सगळे जादूगार म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती, हे त्याने कधी विचारलं नाही. दुकानांत, दवाखान्यांत, ऑफिसांत दुसरी इंटरनेट लाईन टाकून देणं हे त्याचं काम. पहिली लाईन, म्हणजे मेन, बंद पडली की दुसरीने, म्हणजे बॅकअपने, आपोआप भार उचलायचा आणि धंदा चालू ठेवायचा. वायर ओढणारे कंपनीत ढिगाने होते. पण शेवटचा खेळ करावा तर यानेच.

काम संपलं की तो मालकाला खुर्चीसकट राउटरसमोर आणून बसवायचा. मालकाच्या मोबाइलवर एखादा व्हिडिओ लावायला सांगायचा. मग घसा साफ करून, समारंभात चुकून माईक हाती लागलेल्या काकासारखा, सुरू व्हायचा. "आता साहेब, मेन चालू आहे. आहे ना? बघा हं. मी काय करतोय? मी मेन काढतोय." आणि खटकन वायर उपटायचा. लाल दिवा. मालकाचा जीव टांगणीला. हा मात्र छताकडे बघत उभा, जणू पंखा कुठल्या कंपनीचा आहे ते वाचतोय. मग दुसरा दिवा हिरवा, व्हिडिओ चालूच. "साहेब, जग बुडालं तरी तुमचं दुकान चालू." मालक शेजारच्या दुकानदाराला हाक मारायचा, आणि हा तोच खेळ त्याच सुरात पुन्हा करायचा. 'जग' म्हणताना हात कुठवर पसरायचे, तेही ठरलेलं.

लहानपणापासून त्याच्याकडे कोणी टक लावून पाहिलंच नव्हतं. वडिलांना तो दिसायचा तो फक्त मधे आला की, आणि तेव्हाही "सरक" एवढंच. त्याच्यावर विश्वास टाकणारं माणूस एकच, मोठी बहीण. टीव्हीच्या केबली जोडत फिरायचा तेव्हा सगळे त्याला केबलवाला म्हणायचे, ताई सांगायची, "माझा भाऊ टेक्निकल लाईनमध्ये आहे."

ताईचा नवरा गेला, तेव्हा घराचे दोन भाग झालेलेच होते. पुढचा, मोठ्या रस्त्याकडचा, ताईचा. मागचा, गल्लीकडचा, दिराचा. मधे एक दार होतं. भाऊजींचे दिवस होतात न होतात तोच दिराने ते विटांनी बुजवलं आणि वर म्हणाला, "मी कुठे काय केलं? वाऱ्याचा त्रास होत होता." त्या दिवसापासून ताईने दिराचं नाव टाकलं. पुढच्या खोलीत तिने फोन घेण्याचं ऑफिस उघडलं. एका हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटचे सगळे फोन तिच्याकडे यायचे आणि इंटरनेटवरूनच चालायचे. कानाला हेडफोन लावून बसलेल्या बायका दिवसभर एकाच गोड सुरात म्हणायच्या, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" तो सूर इतका अंगात मुरला होता की आपसांत भांडायच्या त्याही त्याच सुरात. हॉस्पिटलची अट एकच होती: फोन बंद पडता कामा नये.

म्हणजे बॅकअप हवा, आणि बॅकअप म्हटल्यावर भाऊ. मोबाइलच्या सिमवर तो करून पाहिला, तर त्या खोलीत इंटरनेटची रेंज अशी की अर्ध्या वाक्यात पेशंट गायब. तारच ओढायला हवी होती. मेन पुढच्या रस्त्याखालच्या पाइपातून येत होती. दुसरी मागच्या गल्लीतल्या खांबावरून यायला हवी होती, आणि तिची वाट दिराच्या गच्चीवरून होती. त्याने ताईला तसं सांगितलं. ताईने मान वर न करता म्हटलं, "त्या दारात जायचं नाही. तुझंच काम आहे ना ते? कर काहीतरी."

त्याने काहीतरी केलं. धंद्यातले सगळेच तसं करायचे. पाइप तयार असतो, खोदायचं नसतं, कुणाच्या परवानगीसाठी हात जोडायचे नसतात. नवी वायर दोरीला बांधायची आणि मेनच्याच पाइपातून ओढायची. लाईनची कंपनी वेगळी, डबा वेगळा, वायरीचा रंगही वेगळा. फक्त रस्त्याखाली दोघी एकमेकींना चिकटून निजलेल्या. रस्ता नुकताच गुळगुळीत झाला होता. तो कोण कशाला खोदतंय, अशी त्याने स्वतःची समजूत काढली.

आणि खेळ केला. ताईला खुर्चीत बसवलं, वायर उपटली, छताकडे पाहिलं. दिवा हिरवा झाला तशा बायकांनी हेडफोन न काढताच टाळ्या वाजवल्या. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा," ती म्हणाली, "माझा भाऊ." सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण इतकं निरखून त्याच्याकडे पुन्हा कोण बघणार होतं? त्याने हात पसरून जग बुडवलं आणि गप्प बसला.

पाण्याच्या कामाला मशीन आलं ते भर सकाळी, फोनांची रीघ लागलेली असताना. गुळगुळीत रस्ता एका घासात उघडला आणि दोन्ही दिवे एकदम लाल झाले.

तो धावत पोचला तेव्हा ताई शांत होती. खेळात दुसरा दिवा जरा वेळाने लागतो, हे तिने पाहिलेलं होतं, म्हणून ती वाट बघत बसली होती. "आता होईल ना हिरवा?" तिने विचारलं. त्याने खिडकीतून खड्ड्याकडे पाहिलं. मशीनच्या दातात दोन रंगांच्या वायरी लोंबत होत्या.

"ताई, दोन्ही तिथूनच येतात."

"तुला माहीत होतं?"

"तूच म्हणालीस, त्या दारात जायचं नाही."

"जाऊ नको म्हटलं होतं," ताई म्हणाली. "मला खोटा खेळ दाखव असं नव्हतं म्हटलं."

तेवढ्यात ताईच्या मोबाइलवर हॉस्पिटलच्या साहेबांचा फोन आला. हे साहेब दर वाक्यावर 'ओके'चा शिक्का मारायचे. "मॅडम, पेशंट ताटकळतायत, ओके? बॅकअप आहे असं तुम्हीच म्हणाला होतात, ओके? दुपारपर्यंत बघतो, नाहीतर मला दुसरीकडे द्यावं लागेल, ओके?" काहीच ओके नव्हतं.

गल्लीतली लाईन जिवंत होती, आणि दिराच्या घरात ती होतीच. जादूगार मागच्या दाराशी गेला. दीर बनियनवरच बाहेर आला आणि दोन्ही हात हवेत फेकून म्हणाला, "अरे, मी कुठे नाही म्हणतोय? हवी तेवढी लाईन घ्या. वहिनींनी फक्त एकदा इथे येऊन म्हणावं. मी कुठे नाही म्हणतोय?"

हा निरोप त्याने ताईला जसाच्या तसा सांगितला. ताईने बुजवलेल्या दाराच्या गिलाव्याकडे पाहिलं. मग उठली, पदर नीट केला आणि खड्ड्याला वळसा घालून गल्लीत गेली.

दिराने तिला बसवलं. पाणी मागवलं. तब्येत विचारली, नात्यातल्या आजारी माणसांची यादी संपवली, माणसाने माणसाला धरून राहावं यावर बोलला, आणि मधूनमधून "मी कुठे काय म्हणतोय" हे होतंच. ताईने पाण्याला हात लावला नाही.

"भावजी, लाईन पाहिजे."

"हे काय मागणं झालं, वहिनी? घरचीच लाईन," दीर म्हणाला, आणि आणखी थोडा वेळ माणुसकीवर बोलला.

अखेर दुपार टळल्यावर वायर गच्चीवरून पुढे आली. दिवा हिरवा झाला. बायकांनी हेडफोन चढवले, पाठी ताठ केल्या, चेहरे गोड केले. एकही फोन वाजला नाही. ताईनेच मग साहेबांना लावला. लाईन आली याचा त्यांना आनंद झाला, ओके, पण त्यांनी काम दुसरीकडे दिलं होतं.

बायका एकेक करून गेल्या. दीर मात्र गल्लीत सांगत सुटला की वहिनींचं ऑफिस आपल्या लाईनवर चालतं. ऑफिस चालत नव्हतं, हे सांगायला ताई काही बाहेर आली नाही. भावाचे फोनही तिने घेतले नाहीत.

पुढे तिला औषधांच्या एका दुकानाच्या ऑर्डरी घेण्याचं बारीकसं काम मिळालं. एकच बाई उरली होती, तेवढ्याला ती पुरे होती. दुकानाचीही अट तीच. ताईने भावाला न सांगता कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर मागणी नोंदवली, आणि बॅकअपचं काम म्हणून कंपनीने जादूगारालाच धाडलं.

या वेळी त्याने काम चोख केलं. दिराची उसनी लाईन काढली आणि दुसरी लाईन गल्लीच्या खांबावरून आणली, वाट तीच दिराच्या गच्चीवरची, पण वायर नवी, स्वतंत्र. काम संपलं तशी सवयीने त्याने खुर्ची राउटरसमोर ओढली, घसा साफ केला आणि मेनच्या वायरीला हात घातला.

"राहू दे," ताई म्हणाली. "बाहेर दाखव."

ती वायरीच्या मागोमाग निघाली. भिंतीवरून, खिडकीवरून, गच्चीवरून, गल्लीत. वायर जिथे नजरेआड व्हायची तिथे थांबून विचारायची, "इथून कुठे?" आणि तो फळ्यापुढे उभ्या केलेल्या मुलासारखा सांगायचा, "सरळ वर. मग डावीकडे." खांबाशी आल्यावर ताईने मान वर करून वायर कुठे जोडली आहे ते नीट बघितलं. त्याच्याकडे बघितलं नाही. आली तशी परत गेली आणि दार लावून घेतलं.

त्याची पिशवी आतच राहिली होती. जरा वेळाने तिथल्या बाईने दार किलकिलं करून ती त्याच्या हातात दिली, आणि तोंडातून निघायचं तेच निघालं, त्याच गोड सुरात.

"आणखी काही मदत करू शकते का?"

तो नाही म्हणाला.