दोन पायऱ्या खालची खोली

आमच्या वन्सं पोटापाण्यासाठी खड्डे खणतात. साधेसुधे नाहीत, माणूस उभा गाडला जाईल इतके खोल. मग आत उतरून खुरप्याने भिंत तासतात, खिळे ठोकून सुतळीच्या चौकटी आखतात आणि मातीचे थर बघत बसतात. हजारो वर्षांपूर्वीच्या भूकंपांत ते थर कुठे तुटले, किती घसरले, हे त्यांना हवं असतं. थरात कोळशाचा कण सापडला की त्यावरून भूकंपाचा काळ ठरतो, म्हणून तो सोन्यासारखा जपतात. घरी आल्यावर मात्र चिखलाचे बूट थेट माझ्या स्वयंपाकघरात.

मला त्या कधीच आवडल्या नाहीत. आता तर डोळ्यांसमोर नकोत.

गेल्या वर्षी त्यांनी आमच्या शेजारच्याच मोकळ्या जागेत खड्डा खणला. काम संपलं तेव्हा नवऱ्याने चिडवलं, "काय गं, डोंगर पोखरून उंदीर काढलास का?"

"उंदीर तुझ्या घरात शिरलाय, दादा," म्हणत त्या सरळ मागच्या खोलीकडे गेल्या.

ती खोली घरापेक्षा दोन पायऱ्या खाली आहे. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा जमीन तिथे उतरती होती. भराव कोण घालणार, म्हणून त्यांनी पायऱ्या टाकल्या. या हुशारीचं कौतुक मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. वन्सं त्याच पायरीवर उभ्या राहिल्या.

"हा साधा उतार नाही. मागच्या मोठ्या भूकंपात जमीन इथे एवढी खचलीय. खड्ड्यातली चीर सरळ इथेच येते."

"मग परत कधी फाटणार?" मी विचारलं.

"उद्या, नाहीतर पाचशे वर्षांनी. ते नाही सांगता येत, वहिनी. पण फाटली तर इथेच."

पायऱ्यांना लागूनच माझ्या लेकीचा पलंग होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तारीख सांगता येत नाही, आणि पोरीच्या उशाशी भूकंप आणून ठेवतात!

नवराही उसळला. "बाबांचं घर पाडू? बाबा काय खुळे होते?"

"बाबांना माहीत नव्हतं. तुला आता माहीत आहे."

पुढे त्यांच्या नकाशात आमच्या घरावरून लाल पट्टी गेली: राहण्यास धोक्याचं. सख्ख्या भावाच्या घरावरून! घरभेदी म्हणतात तो आणखी कसा असतो?

भाऊ बोलेनासा झाला, तरी त्या दर रविवारी येतात. लाज नाही. भाची खाली झोपलेली दिसली की उचलून पुढच्या खोलीत सोफ्यावर आणून निजवतात. मी परत खाली नेते. त्या पुन्हा आणतात.

गेल्या महिन्यात मी पलंग वर घेतला. खाली ओल येते, असं नवऱ्याला सांगितलं. ओल कसली, ठणठणीत कोरडी खोली आहे ती. एकटीनेच ओढला पायऱ्यांवरून, कंबर अजून दुखतेय.

रविवारी वन्सं आल्या. पलंगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिठाची गुळणी धरून बसल्या. एक अक्षर बोलल्या असत्या ना, तर तो पलंग मी त्यांच्या देखत परत खाली नेला असता.