नाव पटकन जातं

मी एका बाईशी खोटं बोललो, आणि ती बाई काल गेली.

सकाळपासून तीनदा लिहून खोडलंय. बायको म्हणते आधी दोन घास खा. म्हटलं आधी हे लिहून होऊ दे.

'गोड मणी' हे आमचं गाणं तुम्हाला माहीत आहे. नाही म्हणू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी त्यावर आपापल्या मांजरीचे रील टाकलेत.

गाणं माझा मित्र नितीनचं. शब्द त्याचे, चाल त्याची. व्हिडिओ मी केला. तोवर मी नाशकात लग्नं शूट करायचो आणि हळदीला ड्रोन उडवायचो, एवढीच आपली डिरेक्टरकी.

गाणं द्राक्षाचं, म्हणून शूटिंग पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये. लांब टेबलाभोवती बायका कात्रीने घडातले खराब मणी काढत होत्या. नितीनने स्वतःच्या आवाजातला कच्चा ट्रॅक स्पीकरवर लावला. दोनदाच वाजला असेल. टेबलाच्या टोकाच्या एक बाई कात्री चालवता चालवता ती ओळ म्हणायला लागल्या.

"घडातला गोड मनी, तुझ्यासाठी ठेवला."

मणी नाही. मनी.

त्या वेनूताई. पन्नाशीच्या, डोक्याला जाळीची टोपी, हात एक क्षण थांबत नव्हते. नितीनने ट्रॅक बंद केला, फोन पुढे धरला आणि म्हणाला, ताई परत म्हणा. मागे क्रेट आपटल्याचा आवाज येतो ना गाण्यात? तो तिथलाच.

नंतर त्यांना नाशकात स्टुडिओत बोलावलं. आणि तिथे मी शहाणपणा केला. म्हटलं ताई, 'न' नको, 'ण' पाहिजे. जीभ टाळूला लावा.

चौदा वेळा गायल्या हो त्या. मध्येच पाणी प्यायच्या, हसायच्या, म्हणायच्या जीभच वळत नाय माझी. पंधराव्या वेळी 'ण' आला. एकदम शुद्ध. आणि गाण्यातला जीव गेला.

नितीनने हेडफोन काढले आणि फोनवरचंच रेकॉर्डिंग गाण्यात टाकलं.

व्हिडिओत चेहरा शहरातल्या एका डान्सरचा. ओठ तिचे, आवाज वेनूताईंचा.

शेवटी नावं टाकायची वेळ आली.

मी लेखक टाकला, संगीतकार टाकला, कॅमेरा टाकला, ड्रोनवाला टाकला, चहा-नाश्त्याची सोय करणाऱ्याचंसुद्धा नाव टाकलं. वेनूताईंचं टाकलं नाही. "आणि इतर" लिहून मोकळा झालो.

का? मला त्या 'न'ची लाज वाटत होती. गायिका म्हणून नाव दिलं तर लोक म्हणतील, कुठून आणली ही अडाणी बाई. नितीनने विचारलं, तर त्याला म्हटलं टाकू रे नंतर.

आणि मग तो 'न'च चालला!

लोक कमेंटमध्ये भांडायला लागले, मणी की मनी. कुणी म्हणालं पैशांवरचं गाणं आहे. मग कुणीतरी आपल्या मनीमाऊच्या व्हिडिओला ते लावलं आणि संपलाच विषय. घराघरातली मनी आमच्या गाण्यावर उशीवर लोळायला लागली. मला लोक सत्काराला बोलवायला लागले. मी गेलो, शाली घेतल्या, भाषणं ठोकली. लोकभाषेचा गोडवा वगैरे. मीच.

त्याच दिवसांत वेनूताईंचा फोन आला. लेकीच्या मोबाइलवर गाणं बघितलं होतं त्यांनी.

"भाऊ, नावं लय पटकन जात्यात वो. माझं दिसलंच नाय मला."

नाव नसेल ही शंकाच नाही त्यांच्या मनात. आपलीच नजर कमी पडली असं त्यांना वाटत होतं.

मी म्हटलं, "हो ताई. पटकन जातं ते."

झालं. एवढंच खोटं.

डिस्क्रिप्शनमध्ये नाव टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. पण टाकलं असतं तर आधी नव्हतं हे कबूल करावं लागलं असतं. आणि व्हिडिओतच घालायचं तर नव्याने अपलोड करा, म्हणजे सगळे व्ह्यूज गेले. मी रोज उद्यावर ढकललं. द्राक्षाचे पाच सीझन गेले. नालायकपणाला दुसरा शब्द नाही.

काल पिंपळगावला गेलो. सगळं आटोपल्यावर त्यांची लेक शुभांगी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, आई पॅकहाऊसमध्ये सगळ्यांना सांगायची, नाव हाय माझं, फक्त पटकन जातं.

मी खाली बघत होतो.

मग ती म्हणाली, "मी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला होता दादा. नव्हतं. आईला सांगितलं, दिसलं म्हणून."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझं खोटं पाच वर्षं सांभाळलं, आईसाठी.

तिथून बाहेर आलो आणि नितीनला फोन केला. म्हटलं जुना व्हिडिओ काढतोय. तो म्हणाला, काढ.

परत आत जाऊन शुभांगीला विचारलं, नाव कसं लिहू? आधारकार्डावर वेणू आहे. ती म्हणाली, तिला सगळे वेनूच म्हणायचे, ती पण स्वतःला वेनूच म्हणायची, तसंच लिहा.

आज दुपारी गाणं नव्याने टाकलंय. व्ह्यूज शून्यापासून. गाण्याचं नावही बदललंय, 'गोड मनी'. सुरुवातीचे दहा सेकंद काळा पडदा आणि त्यावर एकच ओळ आहे: गायिका, वेनूताई.

कुणी शुद्धलेखनाच्या चुका काढायला येऊ नका. आणि ते दहा सेकंद स्किप करू नका.

वेनूताई, माफ करा म्हणायला तोंड नाही मला. श्रद्धांजली वाहायचा हक्कही नाही.

आता पटकन जात नाही, ताई. सावकाश वाचा.