काचेवरचा शेंदूर

तुमच्या घराची गच्ची तुमची, हे कागदावर लिहिलेलं आहे. पण त्या गच्चीवर दिवसभर जे ऊन पडतं ते कोणाच्या नावावर आहे, हे कधी कोणाला विचारलंत? तुम्ही नाही विचारलं, तर इस्त्रीचा शर्ट घातलेला कोणीतरी येईल, गोड बोलेल आणि सही घेऊन जाईल.

उज्जैनमध्ये कार्तिक चौकाजवळच्या एका गल्लीत विनोदिनी दिघे यांनी हाच प्रश्न भर बैठकीत विचारला होता. कोणी म्हणालं, कोणाच्याच नाही. त्या म्हणाल्या, "मग आपण आपल्या नावावर करून घेऊ. बसलोय कशाला?"

टावर चौकाच्या बाजारात विनोदिनीबाईंचं फॉल-पिकोचं दुकान आहे. इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की बाईंना उठता येत नाही. शिक्षण बारावी, पुढचं सगळं भांडून शिकलेल्या. नळाला पाणी का नाही हे विचारायला एकदा नगर निगममध्ये गेल्या, आणि परत आल्या तेव्हा गल्लीचा व्हॉल्व्ह कुठं आहे, तो कोण फिरवतो आणि कोणाच्या सांगण्यावरून फिरवतो, हे सगळं पाठ करून आल्या. वीजही अशीच शिकल्या. भर लग्नसराईत लाइट जायची, मशीन बंद पडायचं आणि नवरीची आई दुकानाच्या पायरीवर रडायला बसायची. बाईंनी ठरवलं, आता हे खातं समजून घ्यायचंच.

त्यांचे यजमान प्रभाकरराव रेल्वेतून रिटायर झालेले, शांत गृहस्थ. ते म्हणतात, "आमची ही कोणाशी झगडत नाही. चौकशी करते. समोरच्याला झगडा वाटतो, त्याला ती काय करणार?"

दोन उन्हाळे बाईंनी गल्लीतल्या घरांच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी गच्चीवरच्या उन्हातून वीज करायला अकरा घरं तयार झाली. ज्याला जमेल तेवढा हिस्सा त्यानं घालायचा, पण मत प्रत्येक घराला एकच. गच्च्यांवर सोलर पॅनल आपले, मालक आपण, बिघडलं तर दुरुस्ती आपली, आणि बिल कमी झालं तर आनंदही आपलाच. पावसाळा संपता संपता फ्रीगंजच्या सुमीत इलेक्ट्रिशियननं पॅनल बसवून दिले. दिवसभरात किती वीज झाली ते सगळ्यांच्या मोबाइलवर दिसायला लागलं. गल्लीत लोक एकमेकांना नमस्कार करायच्या आधी आकडा विचारू लागले.

मग आली खंडेनवमी.

ज्याच्यावर पोट चालतं त्याची त्या दिवशी पूजा करायची. कोणी तराजू पुजतो, कोणी स्कूटर, बाई दरवर्षी आपलं पिकोचं मशीन पुजतात. यंदा गल्लीनं पॅनल पुजायचं ठरवलं. फुलं वाहिली, नारळ फोडला. हळदकुंकू वाऱ्यानं उडतं म्हणून बाईंनी तुपात शेंदूर कालवला आणि एकेका पॅनलवर तळव्याएवढं स्वस्तिक काढलं. अकराही गच्च्यांवर स्वतः गेल्या, दुसऱ्या कोणाला बोट लावू दिलं नाही. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला जुन्या शेंदरावर नवा थर चढला.

दर रविवारी पाळीपाळीनं पॅनल धुवायचे असा नियम होता. सगळे मन लावून धुवायचे, आणि स्वस्तिक तेवढं सोडून द्यायचे. मंगल चिन्ह पुसायचं कोणी?

इकडे आकडा खाली यायला लागला. आधी लोक म्हणाले ढग असतील. मग म्हणाले थंडीचं ऊन, त्यात दम नसतो. पुढे पुढे मात्र लोकांनी आकडा विचारणंच सोडलं. सुमीत दोनदा येऊन वायर तपासून गेला. बिलं पुन्हा फुगली तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांत मोठ्या गच्चीचे मालक भय्यासाहेब उठले. त्यांच्या ओळखीची एक बाहेरची कंपनी होती. ती सगळे पॅनल ताब्यात घेणार, पंचवीस वर्षं चालवणार आणि गल्लीला ठरलेल्या भावानं वीज विकणार.

"वहिनी, तुमची हौस झाली," भय्यासाहेब म्हणाले. "आता जाणकारांच्या हातात देऊन टाका. रविवारी दत्ताच्या देवळात मत घेऊ."

"आपल्याच गच्चीवरची वीज आपण विकत घ्यायची?"

"निदान मिळेल तरी."

हे बाईंना लागलं. कारण ते खोटं नव्हतं. रविवारी सहा हात कंपनीच्या बाजूनं वर गेले की दोन उन्हाळ्यांची मेहनत पंचवीस वर्षांसाठी दुसऱ्याची होणार होती, आणि सहा हात सहज दिसत होते.

त्या आठवड्यात बाई दुकान बंद ठेवून भर दुपारी आपल्या गच्चीवर पॅनल पुसत बसल्या. राग आला की त्या काहीतरी घासतात, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. घासता घासता हात स्वस्तिकावर टेकला आणि चटका बसला. त्यांनी बोट तोंडात घातलं. मग शेजारच्या काचेला हात लावून पाहिला. ती नुसती कोमट. पुन्हा स्वस्तिकाला लावला. तवा. दुसऱ्या पॅनलवर तेच, तिसऱ्यावर तेच.

त्यांनी सुमीतला फोन लावला. "काय रे, शेंदराखाली काच तापते का?"

सुमीत म्हणाला, "मामी, ओरडणार नसाल तर सांगतो."

"बोल."

"त्या जागी ऊन आत जात नाही. तो तुकडा वीज करत नाही, आणि बाकीच्यांची अडवून स्वतः तापतो. महाकालच्या दर्शनाच्या रांगेत एखादा आडवा बसला तर मागच्यांचं काय होतं? तसं."

"मग आधी सांगायला तोंड नव्हतं?"

"खंडेनवमीलाच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, देवाच्या कामात नाक खुपसू नकोस, आणि हातात प्रसाद देऊन मला जिन्यावरून खाली पाठवलंत. तुम्हाला दुसऱ्यांदा सांगायची हिम्मत कोणाची? मुझे भी तो जीना है."

बाई चिडणार होत्या. पण चिडायचं कोणावर, हे त्यांना सापडेना. स्वस्तिकं त्यांचीच, बोट त्यांचंच, तूपही घरचं. प्रभाकरराव चहा घेऊन वर आले तर बायको पॅनलसमोर बसून एकटीच हसत होती. ते घाबरले. कारण ऐकल्यावर म्हणाले, "म्हणजे चौकशी शेवटी घरीच येऊन थांबली."

चूक कळली, पण काम संपलं नव्हतं. गल्लीत सांगायचं कसं? अर्ध्या घरांतून उत्तर येणार, स्वस्तिक पुसायचं म्हणजे लक्ष्मीला हाकलायचं. बाई तडक रामघाटावर सुहास गुरुजींकडे गेल्या. गुरुजी छत्रीखाली कोणाच्या तरी श्राद्धाचं सामान मांडत होते. सगळं ऐकून त्यांनी मान वर केली.

"गणपती बसवता ना घरी?"

"बसवतो."

"मग उठवता की नाही? का पुढच्या भाद्रपदापर्यंत तसाच ठेवता? पूजा झाली की उत्तरपूजा असते, बाई. तुम्ही देवाला बोलावलंत आणि निरोप द्यायला विसरलात. तो बिचारा उन्हात बसलाय."

शनिवारी सकाळी बाईंनी गल्लीला गच्चीवर बोलावलं. आडपडदा ठेवला नाही. "चूक माझी आहे. ज्याला खात्री करायची त्यानं येऊन हात लावून बघा." एकेक जण आला, चटका घेऊन गेला. भय्यासाहेबांनी दोनदा हात लावला, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही.

"पण वहिनी, पुसायचं म्हणजे..." ते अडखळले.

"पुसायचं नाही. निरोप द्यायचा. गुरुजी आलेत."

गुरुजींनी अक्षता वाहिल्या, मंत्र म्हटले, दहीभाताचा नैवेद्य दाखवला. मग कोमट पाणी आणि रिठ्याचा फेस घेऊन अकराही गच्च्यांवर बायका-पुरुष पॅनलला भिडले. तुपाचा थर सहजी सुटत नव्हता. भय्यासाहेब धोतर खोचून घासत होते आणि मधूनमधून म्हणत होते, "तूप किती घातलं होतं, वहिनी? एवढं आमच्या लाडवात नसतं."

"तुमच्या लाडवांचं सगळ्या गल्लीला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

धुवणाचं पाणी बादल्यांत भरून झाडांना घातलं. दुपार चढली तशा माना मोबाइलवर वाकल्या. आकडा चढत होता. संध्याकाळी तो दसऱ्याच्या आधीच्या दिवसांच्या जवळ जाऊन पोहोचला. थंडीचं ऊन तेवढं बदनाम झालं होतं.

रविवारी देवळात मत झालं. कंपनीच्या बाजूनं दोन हात वर गेले. त्या दोन घरांवर बाईंनी राग धरला नाही, फक्त धुण्याची पुढची पाळी त्यांना दिली. भय्यासाहेबांचा हात खालीच राहिला. निघताना ते म्हणाले, "माझी गच्ची सगळ्यांत मोठी, जास्तीत जास्त पॅनल तिच्यावरच. आता मलाच फुकटात भाडेकरू ठेवल्यासारखं होईल."

"भाडेकरू नाही. भागीदार," बाई म्हणाल्या, आणि पायात चपला सरकवून निघाल्या. साड्यांचा ढीग पडला होता.

आता शेजारच्या दोन गल्ल्यांतून त्यांना बोलावणी येतात. त्या दुकान बंद करून जातात, पाटावर बसतात आणि पहिल्यांदा स्वतःची फजिती सांगतात. लोक हसले की मग मुद्द्यावर येतात.

तुमच्याकडून फार काही नको. कोणत्याही कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी शेजारच्या चार घरांची दारं वाजवा आणि एकदा एकत्र बसा. आणि पॅनल आलेच, तर टिळा चौकटीला लावा, काच मोकळी सोडा.