दम लागतो का, आबा?

पिरंगुटच्या कारखान्यात माझे पती आमच्या लग्नाआधीपासून नोकरीला होते. तिथे तयार होणारे सुटे भाग परदेशी, बहुतेक एकाच देशात, जात. त्या देशाच्या सरकारने आयातशुल्क वाढवले, मागणी आटली. आधी एक पाळी बंद झाली आणि मग यांची नोकरी गेली. पगार जाणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. त्याबरोबर कारखान्याने काढलेला आरोग्यविमाही संपतो, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नव्हते. त्या विम्यात माझे सासरे, आबा, होते. आणि डॉक्टरांनी नुकतीच त्यांना हृदयाची तपासणी करून घ्यायला सांगितली होती.

आबांसाठी स्वतंत्र विमा घ्यायचे ठरले. हप्त्यावरचा कर सरकारने माफ केला होता, त्यामुळे विमा प्रतिनिधीने सांगितलेली रक्कम झेपेल असे वाटले. कंपनीचा फोन येईल, तेव्हा आबांनी स्वतः बोलायचे, एवढेच राहिले होते.

"विचारतील तेवढंच सांगा," यांनी बजावले.

फोन आला तेव्हा घरी मीच होते. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचे मी टाळते. मी फोनचा आवाज मोठा करून तो आबांच्या हाती दिला.

"काका, तब्येत कशी आहे तुमची?" पलीकडच्या मुलीने विचारले.

आपुलकीने तब्येत विचारणाऱ्याला अर्धवट उत्तर देणे आबांना ठाऊक नाही.

"बरी म्हनायची. साखर हाय, ती जुनीच. शेळ्यांमागं टेकाड चढलं का दम लागतुया."

"किती दिवसांपासून?"

"दोन पावसाळं झालं. बिडी सोडली, तरीबी लागतुया. तू जेवलीस का पोरी? आवाज लई बारीक येतुया तुजा."

ती हसली. मग डॉक्टर काय म्हणाले तेही तिने विचारले आणि आबांनी सांगितले. फोन घेण्यासाठी मी हात पुढे केला आणि मागे घेतला. खरे बोलणाऱ्या माणसाला काय म्हणून थांबवावे, ते मला सुचले नाही.

"चांगल्या घरची पोर हाय," आबा म्हणाले. "येवढं तर डाक्तरानंबी इचारलं न्हाई."

आठवडाभराने उत्तर आले. हप्ता जवळजवळ दुप्पट झाला होता. शिवाय साखर आणि हृदयविकार यांवरच्या उपचारांचा खर्च पहिली तीन वर्षे मिळणार नव्हता. यांनी ते वाचून दाखवले.

"म्हंजी तीन वर्सं हप्ता भरायचा अन् मरायचं न्हाई," आबा म्हणाले.

हे आता नांदे गावात एका वर्कशॉपमध्ये रोजावर जातात. पहिला हप्ता त्यांनी कसाबसा भरला.

त्या संध्याकाळी आबांनी मला हळूच विचारले, "म्या सांगितलं म्हनून वाढला का गं?"

"नाही आबा, वयामुळे," मी म्हणाले. "वयामुळं," ते म्हणाले आणि शेळ्या बांधायला उठले.

तेव्हापासून तपासणीचा विषय काढला की म्हणतात, "आनखी काय कागदावर चढवायचंय?" टेकाडाच्या मध्यावर ते आंब्याला टेकून थांबतात, ते मला मागच्या दारातून दिसते. घरी आले की मी पाणी देते आणि विचारते, "दम लागतो का, आबा?"

"न्हाई," ते श्वास आवरत म्हणतात. "कुटं काय."