इंपीबाईंचा बर्फ आणि रेनोचं बेअरिंग

रेनोचं बर्फ उडवायचं यंत्र मी मोडलं. मोडायचा विचार नव्हता, मदत करायचा होता. माझ्या हातून बहुतेक नुकसान मदतीतूनच होतं. या यंत्राच्या पात्यांत एक मऊ पिन असते. दगडबिगड अडकला की ती बिचारी स्वतः तुटते आणि गिअरबॉक्स वाचवते. ती सारखी तुटते म्हणून मी तिच्या जागी पोलादी बोल्ट ठोकला. पुढच्याच खेपेला बर्फाखालचा ओंडका पात्यांत अडकला. बोल्टला काही झालं नाही. गिअरबॉक्समधून मात्र दळणात खडे गेल्यासारखा आवाज आला आणि सगळं थंड झालं.

रेनोने झाकण उघडलं. गिअर शाबूत होता, पण बेअरिंग फुटून छर्रे तेलात पसरले होते.

"बोल्ट चांगला निघाला," तो म्हणाला. "घर बांधशील तेव्हा वापर."

रेनो, आडनाव सारेला, आमच्या गल्लीतला शेजारी. जन्मभर शाळेची बस चालवली, त्यामुळे गोंगाट पुरेसा ऐकून झालाय आणि स्वतः बोलतो कमी. गावाजवळच्या मोठ्या सरोवराकडून बर्फ आला की तो आधी इंपी निएमेलाबाईंचं अंगण मोकळं करतो, मग स्वतःचं. काम झालं की बाई त्याला स्वयंपाकघरात बसवतात, कॉफी आणि वेलचीचा गोड पाव देतात. नवरा गेल्यापासून त्यांचं असं चाललंय. उन्हाळ्यात बर्फ नसतो, म्हणून कॉफीही नसते. दोघं कुंपणावरून हवापाण्याचं बोलतात आणि ऑक्टोबरची वाट बघतात.

आता शनिवारी वादळ येणार होतं आणि यंत्र उघडं पडलं होतं. शिवाय पलीकडच्या गल्लीतला डेलबर्ट, हाही रेनोसारखा एकटाच, बर्फ ढकलायचा ट्रक घेऊन टपलेला.

जवळच्या हँकॉक गावातल्या यंत्रांच्या दुकानदाराने सांगितलं, सुटं बेअरिंग मिळत नाही, अख्खा गिअरबॉक्स मागवावा लागेल, तीन आठवडे.

"तीन आठवड्यांत डेलबर्ट तिथे जेवायला बसेल," रेनो म्हणाला. त्याने फुटक्या बेअरिंगची कडी पुसली आणि तिच्यावरचा नंबर मला दाखवला. "यंत्रवाले बेअरिंग बनवत नाहीत, विकत आणतात. हा नंबर कुठे ना कुठे असणारच."

आम्ही मोटारींच्या दुकानात गेलो, लाकडाच्या वखारीत गेलो. कुठे एक नंबर मोठं, कुठे एक नंबर लहान. धक्क्यावरचा बोटवाला तर म्हणाला, "घे हे, जरा घासून बसव."

"तुझी कवळी घासून मला बसेल का?" रेनोने विचारलं.

हात हलवत परतलो, तर इंपीबाई फाटकाशी उभ्या. आमच्याकडे बातमी माणसाच्या आधी घरी पोहोचते.

"डेलबर्टचा फोन आला होता. शनिवारी येऊ का म्हणत होता."

रेनोने टोपी काढली, पुन्हा घातली. "मग?"

"मग काय? गॅरेजमध्ये चला."

त्यांनी कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली बर्फाचंच यंत्र, रेनोच्याच कंपनीचं, नवंकोरं.

"मुलाने दिलंय, हे गेले त्याच वर्षी."

"चालतं?"

"पहिल्या झटक्यात." बाईंनी पाना त्याच्या हातात दिला. "यातलं बेअरिंग तुमच्याला बसतं का बघा."

नंबर जुळला. रेनोने ते पुलरने, म्हणजे बेअरिंग ओढायच्या पकडीने, अलगद काढलं, धुतलं आणि बाईंच्या ओव्हनमध्ये ठेवलं. पाव नुकताच निघाला होता, ऊब बेताची होती. गिअरबॉक्सचा दांडा मी बाहेर बर्फात खुपसला. तासाभराने गरम बेअरिंग गार दांड्यावर असं सरकलं, की जणू त्याचंच होतं. इंपीबाईंनी टाळ्या वाजवल्या. रेनोचे कान लाल झाले, ते थंडीने नव्हे.

शनिवारी सकाळी बर्फ खिडकीला टेकला होता. रेनोचं यंत्र कुंपणावरून बर्फाचं कारंजं उडवत होतं. डेलबर्टचा ट्रक आला, जरा थांबला, भोंगा वाजवून पुढे गेला. रेनोची कॉफी त्या दिवशी दुपारपर्यंत लांबली. यंत्र मोडल्याचा मान म्हणून मलाही पावाचा तुकडा मिळाला, पण दारातच.

घरी येताना मी विचारलं, "रेनो, बाईंचं यंत्र तर चालू होतं. ते खोलत बसण्यापेक्षा त्यानेच का नाही काढला बर्फ?"

त्याने मिशीतला पावाचा चुरा झटकला.

"तुझं लग्न का जमलं नाही, ते आज कळलं."