सासूबाईंची बकरी आणि मेंदूतलं कुलूप

मी अकोल्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि सासूबाईंची बकरी माझ्या हातून मरता मरता वाचली आहे. बरीच वर्षं मी या विषयावर गप्प होतो.

अधिक महिना होता. मोर्शीजवळच्या सासुरवाडीला मला धोंड्याच्या जेवणाला बोलावलेलं. (धोंडे म्हणजे पुरण भरून उकडलेले कणकेचे गोळे.) माझा पाट खिडकीपाशी आणि खिडकीबाहेरच्या गोठ्यात चंद्री बकरी बांधलेली.

“आई, पुरे आता.”

“पुरे काऊन? लाजू नोका जवाईबापू.”

मी भिडस्त माणूस. पानात टाकणं मला जमत नाही आणि वाढणं थांबवणं सासूबाईंना. त्या तूप आणायला वळल्या की माझा हात खिडकीबाहेर जाई. पान रिकामं दिसलं की त्या आणखी वाढत. दुपारी तसंच, रात्रीही तसंच. सासूबाईंनी आळीभर सांगितलं, “आमचे जवाई दिसाले बारीक, पण खाते बाप्पा!”

सकाळी चंद्री चाऱ्याला तोंड लावेना.

“जवाईबापू, तुमी तं जनावराचंच शिकवता. पाहा बरं हिले काय झालं.”

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी व्याख्यान दिलं. “मेंदूच्या तळाशी भुकेचं केंद्र असतं. तिथल्या पेशींवर रिसेप्टर असतात, कुलपं समजा. पेप्टाइड नावाच्या चाव्या येतात. एक लागली की जनावर खातं, दुसरी लागली की थांबतं. हिची थांबायची चावी लागलेली आहे.” (सगळं खरं होतं. चावी कोणी लावली, एवढंच राहिलं.)

सासऱ्यांनी बकरीचं डोकं निरखलं. “मंग ते कुलूप खोलाव कसं?”

सासूबाई गोठ्यातच बसल्या. “चंद्री खाईन तवाच मी खाईन.” त्यांनी चहासुद्धा परत पाठवला.

दुपारपर्यंत चंद्रीचं पोट ढोलासारखं फुगलं. ती कण्हायला लागली. बायकोने गुरांच्या डॉक्टरला फोन लावून स्पीकरवर टाकला.

“गोड, कणकेचं असं काही खाल्लं का?” डॉक्टरने विचारलं.

“नाही जी, नुसता चारा,” सासूबाई म्हणाल्या.

“मग प्लॅस्टिक गिळलं असेल. पोट चिरून पाहावं लागेल. सामान घेऊन येतो.”

सासूबाईंनी बकरीच्या गळ्याला मिठी मारली.

“धोंडे खाल्ले तिने,” मी म्हणालो.

“कोणाचे?” बायको.

“माझे.”

“किती?”

“मी एक खाल्ला. बाकीचे.”

सासरे हळूच म्हणाले, “म्हंजे आपण काल दिवसभर बकरीले आग्रह करून राहिलो होतो.”

डॉक्टरने येऊन औषध पाजलं, पोट चोळायला सांगितलं. चोळायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. संध्याकाळी चंद्रीने रवंथ सुरू केला आणि सासूबाईंनी ताट घेतलं. मलाही शेजारी बसवलं.

“पोट भरलं होतं तं बोलाचं ना, बापा.”

“बोललो होतो.”

“मले वाटलं, लाजून राहिले.” त्यांनी माझ्या ताटात एक धोंडा ठेवला. “हा माह्या डोयासमोर खा.”

पोट भरलं की प्राणी थांबतो, हे मी दरवर्षी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवतो. मी तो धोंडा खाल्ला, वर “छान झालाय” म्हणालो, आणि त्यांनी दुसरा वाढला.