रद्द झालेली शर्यत

अत्यंत गंभीर निवेदन: आज सकाळी नांदेडच्या एका मैदानाच्या कडेला पोट सुटलेला एक गृहस्थ रेघांवर नुकत्याच मारलेल्या फक्कीचा वास घेत, डोळे मिटून उभा असलेला आढळला. कोणी ओळखत असल्यास कृपया कळवू नये. तो मीच होतो.

चुन्याच्या त्या कोरड्या, नाकात झोंबणाऱ्या वासासरशी मला आमचे सर आठवतात. सर उमरीकडचे, लांब पल्ल्याचे धावपटू. ऐन भरात होते तेव्हाच मोठा दुष्काळ पडला. ज्या शर्यतीसाठी ते दोन वर्षं झिजले होते, ती रद्द झाली आणि ते पाय खडी फोडण्याच्या कामावर गेले. दुष्काळ हटेपर्यंत घराची जबाबदारी अंगावर पडली होती. पळणं राहून गेलं ते गेलंच. पुढे लातूर जिल्हा झाला, जुन्याच इमारतींवर नव्या पाट्या लागल्या आणि सर आमच्या कॉलेजात प्रशिक्षक म्हणून आले.

पाण्याची तेव्हाही मारामारच होती. सर आम्हाला तोंडात घोटभर पाणी धरून पळायला लावत. गिळायचं नाही, सांडायचं नाही. श्वास नाकाने, आणि फेऱ्या संपल्या की तो घोट मैदानाकाठच्या लिंबाच्या बुडाशी टाकायचा. मी तो पहिल्याच वळणावर पिऊन टाकी. लिंब माझ्या भरवशावर असता तर कधीच वाळला असता.

नव्या जिल्ह्याच्या पहिल्याच स्पर्धेत सरांची सगळी भिस्त चाकूरच्या एका पोरावर होती. शेवटच्या फेरीत तो दुसरा होता. सर फक्कीच्या रेघेच्या आतून ओरडत त्याच्याबरोबर चालू लागले, मग पळू लागले. हे नियमात बसत नाही, असं त्यांनीच आम्हाला बजावलेलं. पण जरा वेळाने त्यांचं ओरडणं थांबलं. मान ताठ, ओठ मिटलेले, गळ्यातली शिट्टी उडून पाठीवर गेलेली. पोराला मागे टाकून, पहिल्यालाही मागे टाकून सर एकटेच पुढे निघाले. त्यांना आता कोणीच दिसत नव्हतं.

बाहेरून साथ मिळाली म्हणून पोराला बाद केलं. ते कानावर पडलं तेव्हा सर भानावर आले आणि मातीतच खाली बसले. पोराकडे बघण्याचं त्यांचं धाडस होईना.

त्यानंतर मी कितीतरी मैदानं पाहिली, जिंकणारे पाहिले, हरणारे पाहिले. पण इतक्या वर्षांपूर्वी रद्द झालेली शर्यत पळताना दुसऱ्या कोणाला पाहिलं नाही. पुन्हा पाहावी असं फार वाटतं, आणि म्हणूनच बहुधा मी फक्कीचा वास घेत उभा राहतो.

त्या दिवशी सर मातीत बसले, तसे आम्ही सगळे त्यांच्याभोवती जमलो. तेवढ्यात तो बाद झालेला पोरगा धापा टाकत सरांसमोर आला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं,

"सर, माझं जाऊ द्या. तुमचं टायमिंग घेतलं का न्हाई कुनी?"